मुंबईत वीज कंपनी बदलायची का? आधी बारा महिन्यांची बिलं काढा

मे महिन्याचं बिल हातात पडलं की आमच्या इमारतीत हा विषय दरवर्षी निघतो. "समोरच्या विंगेतल्यांनी कंपनी बदलली, त्यांचं बिल कमी येतं म्हणे." लगेच दुसरं कोणीतरी सांगतं, "आम्ही बदलली होती, वर्षभरात परत आलो." दोघंही खरंच सांगत असतात. एकाच मजल्यावरच्या दोन घरांसाठी उत्तर वेगळं येऊ शकतं, कारण ते कंपनीपेक्षा जास्त तुमच्या घरातल्या युनिटांवर ठरतं. ती युनिटं कशी तपासायची हे मी गेल्या काही वर्षांत शेजाऱ्यांबरोबर बसून शिकले. नाशिक, कोल्हापूर, नागपूरकडून उपनगरात नव्याने राहायला आलेल्या आणि "वीज कंपनी बदलता येते?" हेच ज्यांना पहिल्यांदा कळतंय, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहिते आहे.

तुम्हाला निवड आहे का, ते पाहा

मुंबईत वीज देणाऱ्या कंपन्या चार. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत शहरात बेस्ट. पश्चिमेला वांद्र्यापासून भाईंदरपर्यंत आणि पूर्वेला चेंबूर, मानखुर्द वगैरे भागांत अदानी इलेक्ट्रिसिटी. 2018 पर्यंत हा कारभार रिलायन्सकडे होता. भांडुप-मुलुंडकडे महावितरण. आणि टाटा पॉवर, जिचा परवाना शहर आणि उपनगरं अशा दोन्हींसाठी आहे. घरगुती ग्राहकाला खरीखुरी निवड मिळते ती अदानी आणि टाटा या दोघांचे परवाने जिथे एकमेकांवर येतात त्या उपनगरांत.

बेस्टच्या हद्दीत राहत असाल तर इथेच थांबलात तरी चालेल. बेस्ट महापालिकेची, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेची आहे. आपल्या तारांवरून दुसऱ्या कंपनीची वीज जाऊ देण्याचं बंधन विद्युत कायद्याने अशा संस्थेवर घातलेलं नाही. मुलुंड-भांडुप, ठाणे, पुणे आणि बाकी महाराष्ट्रात घरगुती ग्राहकाची गाठ महावितरणशीच. 2022 मध्ये अदानी समूहातल्या एका कंपनीने मुलुंड, भांडुप, नवी मुंबई, पनवेल या पट्ट्यासाठी समांतर परवाना मागितला आणि जानेवारी 2023 मध्ये सरकारी वीज कंपन्यांचे कर्मचारी त्याविरुद्ध संपावर गेले, हे आठवत असेल. परवाना मागणं वेगळं आणि तुमच्या मीटरपर्यंत निवड पोहोचणं वेगळं. भिवंडीच्या लोकांचाही एक गैरसमज दूर करते. तिथे बिल टोरंटकडून येतं, पण टोरंट ही महावितरणची फ्रँचायझी आहे. दर महावितरणचेच असतात आणि ग्राहकाने काही निवडलेलं नसतं.

काय बदलतं आणि काय तसंच राहतं

हे नीट समजलं की निम्मी चर्चा मिटते.

विद्युत कायदा 2003 ने तारा टाकण्याचं काम आणि वीज विकण्याचं काम हिशेबापुरतं वेगळं केलं. टाटांना मुंबईत लहान ग्राहकांना वीज विकता येते का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जुलै 2008 मध्ये निकाल टाटांच्या बाजूने लागला. मग ऑक्टोबर 2009 मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने आदेश काढला: उपनगरातल्या ग्राहकाने टाटांची वीज घ्यायची ठरवली आणि टाटांची तार त्याच्या दारापर्यंत नसली, तर रिलायन्सच्याच तारांवरून ती द्यायची. यालाच चेंजओव्हर म्हणतात. दुसरा प्रकार स्विचओव्हर. त्यात तारही नव्या कंपनीची येते. पण त्यासाठी त्या कंपनीचं जाळं तुमच्या इमारतीपर्यंत असावं लागतं. ते नसेल तर केबल, जागा, रस्ता खोदायची परवानगी असं सगळं मागे लागतं, आणि त्यात एकट्या फ्लॅटधारकाच्या हातात फारसं काही नसतं. घरगुती ग्राहक बदल करतो तेव्हा तो बहुतेक वेळा चेंजओव्हरच असतो.

म्हणजे भिंतीतली वायर तीच, मीटर रूमपर्यंतची केबल तीच, नाक्यावरचं सबस्टेशनही तेच. पावसात फेज गेली तर दुरुस्तीला माणूस येतो तो तारांच्या मालक कंपनीचाच. त्यामुळे "आमच्याकडे लाइट फार जाते, म्हणून कंपनी बदलतो" हे कारण असेल तर चेंजओव्हरने ते सुटणार नाही. 12 ऑक्टोबर 2020 ची सकाळ आठवा. कळव्याकडून मुंबईला येणाऱ्या उच्चदाब वाहिन्या बंद पडल्या आणि बेस्ट, टाटा, अदानी सगळ्यांचेच ग्राहक अंधारात गेले, लोकलसुद्धा जागच्या जागी थांबल्या.

बदलतं ते बिल. दर, बिलाची तारीख, ग्राहक सेवेचा नंबर, ॲप आणि बिलासंबंधी ज्याच्याशी भांडायचं ते दार.

बिलातले चार आकडे ओळखा

बिल टेबलावर पसरा आणि पेनाने चार ओळींवर खूण करा.

स्थिर आकार: घर बंद ठेवलंत तरी लागणारा. वापराचा टप्पा वाढला की हाही वाढू शकतो.

वीज आकार: युनिटांचे पैसे. मुंबईत घरगुती दराचे टप्पे 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या वर असे आहेत. बरेच जण समजतात की 301 वं युनिट पडलं की सगळं बिल वरच्या दराने लागतं. तसं नाही. पहिली 100 युनिटं प्रत्येकाला पहिल्याच दराने लागतात, वरची तेवढी वरच्या दराने.

वहन आकार: तारा वापरण्याचं भाडं, दर युनिटमागे.

इंधन समायोजन आकार: कोळसा, गॅस आणि बाहेरून घेतलेली वीज महाग-स्वस्त झाली की हा वर-खाली होतो. एखाद्या महिन्यात तो शून्य दिसतो, पुढे अचानक चढतो.

या सगळ्यावर घरगुती ग्राहकाला 16 टक्के वीज शुल्क लागतं. ते सरकारचं आहे, कंपनी कोणतीही असो, तेवढंच.

वहन आकाराशी जरा थांबा, कारण फसगत इथेच होते. टाटांच्या दरपत्रकात टाटांच्या स्वतःच्या तारांवरच्या ग्राहकांसाठी एक वहन आकार छापलेला असतो. चेंजओव्हर करणाऱ्याला तो लागत नाही. तार ज्याची, वहन आकार त्याचा. तुम्ही अदानींच्या तारेवर राहून टाटांची वीज घेतलीत तर वीज आकार टाटांच्या दराने आणि वहन आकार अदानींच्या दराने, दोन्ही एकाच बिलात. दोन दरपत्रकं शेजारी ठेवून सरळ बेरीज करणारा इथे चुकतो आणि पहिलं बिल आलं की "सांगितलं होतं एक, लावलं भलतंच" म्हणून चिडतो.

एक काळ असा होता की कंपनी बदललेल्या ग्राहकांवर क्रॉस सबसिडी अधिभार (जास्त दर भरणारा ग्राहक गेल्याने जुन्या कंपनीला बसणाऱ्या फटक्याची भरपाई) आणि मागच्या वर्षांची तूट भरून काढण्याचा आकारही बसत होता. तो लागू झाल्यावर अनेकांचा फायदा आटला आणि लोक परत फिरले. म्हणून अर्ज करण्याआधी नव्या कंपनीला ईमेलवर एवढं विचारा: "माझ्या मीटरला चेंजओव्हरनंतर आजच्या घडीला कोणकोणते आकार आणि अधिभार लागतील?" उत्तर लेखी घ्या. फोनवर मिळालेलं उत्तर नंतर दाखवता येत नाही.

हिशेब: सरासरीवर विसंबू नका

बारा बिलं लागतील. कागद नसतील तर कंपनीच्या ॲपवर मिळतात, आणि मागच्या महिन्यांचा वापर बहुतेक बिलांवर आलेखातही छापलेला असतो. वहीत एका खाली एक बारा महिने लिहा, समोर युनिटं. बिल किती दिवसांचं आहे तेही बघा. 33 दिवसांचं बिल 28 दिवसांच्या बिलाशेजारी ठेवलं तर वापर उगीच वाढलेला वाटतो.

आता एक उदाहरण मांडते. यातले दर निव्वळ समजण्यासाठी धरलेले आहेत, कोणत्याही कंपनीचे नाहीत. वीज आणि वहन आकार मिळून कंपनी 'क' पहिल्या 100 युनिटांना 5 रुपये, पुढच्या 200 ला 8 आणि 300 च्या वर 10 रुपये घेते. कंपनी 'ख' पहिल्या टप्प्याला 4, दुसऱ्याला साडेआठ आणि तिसऱ्याला 12 घेते. स्थिर आकार दोघींचा सारखाच समजू.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू एकट्याच राहतात. फ्रिज, पंखे, संध्याकाळी टीव्ही. वर्षभर महिन्याला 90 युनिटांच्या आसपास. 'क' कडे 450 रुपये, 'ख' कडे 360. महिन्याला 90, वर्षाला 1080 रुपयांची बचत, वर त्यावरचं शुल्कही वाचतं. काकूंनी 'ख' घ्यावी, यात विचार करण्यासारखं काही नाही.

त्यांच्या वरचं कुटुंब पाच जणांचं, दोन एसी. आठ महिने 250 युनिटं, उन्हाळ्याचे चार महिने 420. त्यांनीही काकूंचं बघून 'ख' घेतली तर? 250 युनिटांना 'क' चे 1700 आणि 'ख' चे 1675. आठ महिन्यांत 200 रुपये वाचले. 420 युनिटांना मात्र 'क' चे 3300 आणि 'ख' चे 3540. चार महिन्यांत 960 गेले. वर्षाअखेर 760 रुपयांचा तोटा, शुल्क धरून साधारण 880.

याच कुटुंबाने वर्षाची सरासरी काढली असती, तर महिन्याला 307 युनिटं आली असती आणि दोन कंपन्यांत 14 रुपयांचाच फरक दिसला असता. उन्हाळ्याचे चार महिने सरासरीत बुडून जातात. म्हणून बाराही महिने वेगळे मांडायचे आणि शेवटी बेरीज करायची. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या तासाचं काम आहे.

दर कुठून घ्यायचे? आयोगाने मंजूर केलेली दरपत्रकं दोन्ही कंपन्यांच्या संकेतस्थळांवर असतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारा तक्ता घेऊ नका. तो कोणत्या वर्षाचा आहे हे पाठवणाऱ्यालाही माहीत नसतं. दर साधारणपणे 1 एप्रिलला बदलतात, तेव्हा फेब्रुवारीत केलेला हिशेब मे महिन्यात शिळा झालेला असू शकतो. इंधन समायोजन आकार मागच्या पाच-सहा महिन्यांचा दोन्हीकडचा बघून ठेवा, पण एका महिन्याच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका.

वर्षाला दोनशे-तीनशे रुपयांचाच फरक निघत असेल तर माझं मत स्पष्ट आहे: राहू द्या. पुढच्या दरबदलात तेवढा फरक कुठल्याही बाजूला झुकतो. हजाराच्या पुढे जात असेल आणि तुमचा वापर दरवर्षी साधारण तसाच असेल, तर बदलणं योग्य. घरात बाळ येणार असेल, आई-वडील गावाहून कायमचे राहायला येणार असतील, कोणी घरून काम करायला लागणार असेल, तर मागची बारा बिलं पुढचं वर्ष सांगणार नाहीत. अशा वेळी सहा महिने थांबलेलं बरं. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो. रात्रीचे आठ तास महिनाभर चालला की सव्वादोनशेच्या वर युनिटं गेली, म्हणजे एका एसीने घराचा टप्पा बदलतो.

बिल जास्त येण्याचं कारण घरातच असेल तर

कंपनी बदलण्याआधी ही तपासणी कराच. आमच्या इमारतीतल्या एका घराचं बिल तीन महिने चढत होतं आणि त्यांनी नव्या कंपनीचा अर्जही भरून ठेवला होता. एका रविवारी आम्ही दोघी टॉर्च घेऊन खाली मीटर रूममध्ये गेलो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा असतो आणि त्याच्याजवळ बारीक अक्षरात एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते छापलेलं असतं, कुठे 1600, कुठे 3200. वर त्यांच्या मुलाने घरातला मेन स्विच बंद केला आणि फोनवर सांगितलं. दिवा थांबायला हवा होता. तो लुकलुकतच राहिला. घरात काहीही चालू नसताना युनिटं पडत होती. इलेक्ट्रिशियनला बोलावलं तेव्हा कळलं, वर्षभरापूर्वीच्या दुरुस्तीत मीटरनंतरच्या वायरिंगमध्ये शेजारच्या गाळ्याचा एक फाटा यांच्या लाइनवर जोडला गेला होता. कोणत्याही कंपनीने त्यांना कितीही स्वस्त वीज दिली असती तरी ते शेजारच्या गाळ्याचं बिल भरत राहिले असते.

मेन बंद केल्यावर दिवा थांबला, तर घरातली उपकरणं एकेक चालू करून बघा. दोन हजार वॉटचा गिझर पाण्याला आच देत असताना तासाला दोन युनिटं घेतो. सकाळी चालू करून विसरलेला जुना स्टोरेज गिझर दिवसभर थोडी थोडी वीज खात राहतो. दार नीट न लागणारा फ्रिजही तसाच. मीटरच सदोष वाटत असेल तर सध्याच्या कंपनीकडे मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्या, आणि तो निकाल येईपर्यंत कंपनी बदलू नका. मीटर काढून नेल्यावर जुना वाद सिद्ध करणं फार अवघड जातं.

ठरलंच, तर अर्ज

पहिली अडचण बहुधा नावाची येते. कितीतरी घरांत मीटर अजून वारलेल्या सासऱ्यांच्या किंवा आधीच्या मालकाच्या नावावर असतो. आधी नाव बदलून घ्या. भाड्याने राहत असाल तर जोडणी घरमालकाच्या नावावर असते, त्यामुळे त्यांच्या संमतीवाचून पुढे जाऊ नका. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याने या खटपटीत पडावं असं मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट थकबाकी. जुन्या कंपनीचं देणं चुकतं केल्याशिवाय बदल होत नाही. बिलाबद्दल वाद चालू असेल तर तो आधी मिटवा.

अर्ज नव्या कंपनीकडे करायचा. ताजं बिल, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा जवळ ठेवा. सुरक्षा ठेवीचं दोन्हीकडे विचारा: नवी कंपनी किती घेणार, जुनी कधी परत करणार. करार संपल्यावर देणं वजा करून ठेव परत मिळणं हा तुमचा हक्क आहे आणि ठेवीवर व्याजही मिळतं. जुन्या बिलावर ठेवीची रक्कम छापलेली असते, त्या बिलाची प्रत सांभाळून ठेवा. छतावर सोलर आणि नेट मीटर असेल तर शिल्लक युनिटांचं काय होणार, याचं उत्तर हातात आल्याशिवाय सही करू नका.

लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांचा मीटर सोसायटीच्या नावावर वेगळा असतो. त्याचा निर्णय कमिटीचा. तुमच्या फ्लॅटचा निर्णय मात्र तुमचा एकट्याचा. "सगळ्यांनी मिळूनच बदलावं लागतं" असं कोणी सांगितलं तर ते चेंजओव्हरला लागू नाही.

बदल होईल त्या दिवशी घरातलं कोणीतरी मीटर रूममध्ये हजर राहा. जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग आणि मीटर क्रमांक एकाच फोटोत येईल असा फोटो काढा. नवा मीटर बसवला तर त्याचं पहिलं रीडिंगही टिपा. आणि लाइट गेली तर रात्री अकरा वाजता कोणत्या नंबरवर फोन करायचा, हे त्याच वेळी विचारून मीटर रूमच्या दारावर चिकटवा. वीज एका कंपनीची आणि तार दुसऱ्या कंपनीची असताना हा नंबर माहीत नसला की माणूस दोन हेल्पलाइनच्या मध्ये अडकतो.

पहिली दोन बिलं

जुन्या कंपनीचं अंतिम बिल तुमच्या फोटोतल्या रीडिंगशी ताडून बघा. नव्या बिलात सुरुवातीचं रीडिंग, वहन आकाराचा दर आणि तुम्हाला ईमेलवर कळवलेले आकार या तीन गोष्टी तपासा. तेच दिवस दोन्ही बिलांत धरलेले नाहीत ना, हेही पाहा.

चूक सापडली तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घ्या. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जावं लागतं. मंचाचा निर्णय पटला नाही तर विद्युत लोकपालांकडे 60 दिवसांत अर्ज करता येतो. वकील लागत नाही. बिलं, फोटो आणि ईमेल तारखेप्रमाणे लावून नेले की आपली बाजू आपल्याला मांडता येते. आमच्या काकूंनी मंचापुढे स्वतःचं म्हणणं स्वतःच मांडलं होतं, वहीतल्या बारा ओळी वाचून दाखवत.